अंगठ्याचा पोचा

बातमी आली तेव्हा न्यार्को एका टॅक्सीचे दार ठोकत होता. दार मधोमध आत गेले होते. असा पोचा काढताना मध्यावर हातोडी मारायची नसते. मागे लोखंडी ठोकळा धरून कडेकडेने, गोल फिरत, हलक्या हाताने आत आत यायचे, मग पत्रा आपणहून जागेवर येतो. हे त्याला उस्तादाने कानफटात मारून शिकवले होते. कुमासी शहरातल्या सुआमेच्या त्या गल्लीत डेंटिंगवाले ओळीने बसतात, सगळ्यांच्या हातोड्या एकदम चालतात, तिथे फोन वाजलेला कुणालाच ऐकू येत नाही. शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या बाडूच्या खिशातला फोन थरथरला म्हणून त्याला कळला. तो गल्लीच्या टोकाला जाऊन, एका कानात बोट घालून बोलला, परत आला आणि त्याने न्यार्कोची हातोडी वरच्या वर धरली. एवढेच केले त्याने. पण चालू कामात कुणी कुणाची हातोडी धरत नाही.

"घरी बोलावलंय," बाडू म्हणाला.

"कुणी?"

"तुझ्या सासूनं. आफ्राकोमाला जरा बरं नाही म्हणतेय."

"बरं नाही म्हणूनच काल दवाखान्यात ठेवली ना तिला? मग मला घरी कशाला बोलावतायत?"

बाडूने खाली पाहिले. कुमासीत मेलेल्या माणसाची बातमी अशीच देतात. आधी बरं नाही म्हणतात, मग जरा जास्त आहे म्हणतात, आणि दारात बायका जमलेल्या दिसल्या की माणसाने आपले आपण समजायचे. न्यार्कोने हातोडी हिसकावून घेतली आणि दाराच्या बरोबर मध्यावर घातली. पुन्हा तिथेच घातली. पत्रा पहिल्यांदा खोल गेला, मग ताणला, मग फाटला, हातोडी आरपार गेली आणि आतली काच फुटून त्याच्या पायांवर पडली. "अरे बाबा, लोकांची गाडी आहे," असे म्हणत बाडूने मागून त्याला मिठी मारली. न्यार्कोने कोपर मागे मारले. बाडूच्या नाकाचे हाड मोडलेले त्याला कोपरातून कळले आणि त्याला बरे वाटले. कुणाचे तरी काहीतरी मोडले होते. बाडू नाक धरून खाली बसला. बोटांमधून रक्त येत होते तरी तो शिवी देत नव्हता, आणि तो शिवी देत नाही यावरूनच न्यार्कोला नक्की कळले की आफ्राकोमा गेली.

याच बाडूने मागे एकदा विनोद केला होता. आफ्राकोमा दुपारचे जेवण घेऊन गल्लीत आली होती, चालत, पाठीशी तान्ह्या सेरवाला बांधून. ट्रोट्रोच्या भाड्याच्या गाडीत बसली असती तर लवकर आली असती, पण बाळ झाल्यावर तिने चालायचे ठरवले होते. "वहिनी, कशाला पाय तोडता?" बाडू ओरडला होता. "तासभर इथं बाकावर आडव्या व्हा. मागून ठोकळा लावतो, पुढून हातोडी, कंपनीतून निघाल्या तशा करून देतो!" सगळी गल्ली हसली. "आधी स्वतःच्या पोटावर चालव ती हातोडी," आफ्राकोमा म्हणाली, "जुळं आहे वाटतं आत?" त्यावर गल्ली आणखी हसली. न्यार्कोही हसला होता. आता घराकडे धावताना ते हसणे त्याच्या कानांत हातोड्यांसारखे वाजत होते. समोरून येणाऱ्या प्रत्येक चालत्या बाईला धक्का द्यावा, खाली पाडावे, तू कशी चालतेस म्हणून विचारावे, असे त्याला वाटत होते. एकीला धक्का बसलाही. तिच्या डोक्यावरची केळ्यांची परात पडली. तो थांबला नाही.

चालायला नर्सबाईने सांगितले होते. लेकरांच्या वजनाच्या दिवशी बायका दवाखान्याच्या पडवीत रांगेने बसत. लेकरांना कापडी चड्डीत घालून काट्याच्या आकड्याला टांगत, लेकरे टाहो फोडत आणि आया हसत. आफ्राकोमा गंमत म्हणून मोठ्यांच्या काट्यावर उभी राहिली आणि गंमत संपली. घरी येऊन तिने न्यार्कोला नर्सबाईची नक्कल करून दाखवली होती, कमरेवर हात ठेवून. पोट यायला नऊ महिने लागले ना? मग जायलाही तेवढे दे. अंगावर पाजतेस, उपाशी राहू नको. पोट फडक्याने आवळू नको, रस्त्यावरच्या बाटल्या पिऊ नको. अळूची भाजी खा, मासे खा, कुटलेल्या कंदाचा, फुफूचा गोळा निम्मा कर, आणि चाल. न्यार्को जेवत होता. अर्धे ऐकत होता. शेवटी नर्सबाईने आणखी एक सांगितले होते. वजन उतरायचे सोडून एकदम वर चढले, चालताना दम लागला, तर खाणे तोडू नको, त्याच दिवशी इकडे ये. तेही आफ्राकोमाने कमरेवर हात ठेवूनच सांगितले होते, त्याच आवाजात, आणि त्यालाही ते दोघे हसले होते.

तिचा स्वतःचा काटा वेगळा होता. लग्नाआधीपासून तिच्या कमरेला निळ्या-पिवळ्या मण्यांचा सर असे. दोरा सुती, न ताणणारा. अंग वाढले की सर वर चढतो, रुतायला लागतो. अंग उतरले की खाली ओघळतो. दिवस गेले आणि पोट वाढले तेव्हा तिने तो गाठ सोडून काढला आणि दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात ठेवला. सेरवा झाल्यावर दर रविवारी चर्चला जायच्या आधी ती तो कमरेभोवती धरून बघायची. दोन टोकांमध्ये आधी वीतभर अंतर होते. मग चार बोटे राहिले. मग तीन. "तू बघ, तू बघ," म्हणत ती त्याचीच बोटे त्या फटीत ठेवायची. सेरवाच्या कमरेलाही तसाच बारीक सर होता. तिचा आवळला की आई खूश, पोर भरली. "माझे मणी सैल व्हायचे, तिचे घट्ट व्हायचे," आफ्राकोमा म्हणायची. "माझा दोरा एकदा मला बसला की मी तो सगळ्यांसमोर घालून दाखवीन." आणि जीभ चावायची, कारण तो सर नवऱ्याशिवाय कुणाला दाखवायचा नसतो. नर्सबाईने वजनाच्या दिवशी तिला सगळ्या बायकांपुढे उभे केले होते. हिच्याकडे बघा, हिने काही बांधले नाही, काही प्याली नाही, हळूहळू उतरतेय, अशी व्हा. बायकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या टाळ्यांनीच घात केला, असे न्यार्कोला आता वाटत होते आणि त्याला त्या टाळ्या वाजवणारे सगळे हात दाराच्या फटीत धरून दार लावायचे होते. कारण त्यानंतर दोऱ्याची फट पुन्हा वाढायला लागली. तिनाची चार बोटे झाली, मग मूठ. आफ्राकोमाने फुफू बंद केला. जास्त चालायला लागली. बांतामाच्या चढावर तिला बसावे लागायचे. ते तिने हसत सांगितले, म्हातारी झाले म्हणाली. रात्री ती भिंतीला टेकून झोपायची. आडवे झाले की छातीवर कुणी बसते म्हणायची. वजनाचा दिवस आला तेव्हा ती गेलीच नाही. "कुठल्या तोंडानं जाऊ? टाळ्या वाजवल्यात त्यांनी," म्हणाली. "जरा उतरू दे, मग जाते." आणि तिची आई पिनामांग, जी नातीसाठी एजुराहून येऊन राहिली होती, ती लेकीला आंघोळ घालून शियाच्या बियांचे लोणी चोळताना शेजारणींना हाका मारायची. "या, बघा माझ्या लेकीला! गळ्याला वळ्या पडल्यात! पाय बघा, केळीचे खांब! आमचा जावई खायला घालतो हो." शेजारणी न्यार्कोकडे बघायच्या आणि तो मान खाली घालायचा, पण आतून फुलायचा. पत्रे ठोकणाऱ्याच्या बायकोला गळ्याला वळ्या. आणि मग तो पोचा. एका संध्याकाळी ती खुर्चीत पाय लांब करून बसली होती. त्याने थट्टेत तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. अंगठ्याएवढा, गुळगुळीत. त्याने दुसरा केला, त्याच्या शेजारी तिसरा. "घरी पण कामच," तो म्हणाला. "पोचे काढायला ठोकळा आणू का?" ती इतकी हसली की तिला खोकला लागला. खोकला बराच वेळ थांबला नाही. खोकला थांबला तेव्हा पोचे अजून तिथेच होते.

काल संध्याकाळी दवाखान्यातल्या डॉक्टरनेही अंगठा दाबला होता. त्याच नडगीवर. खळगा राहिला. डॉक्टर हसला नाही. "हे कधीपासून?" त्याने विचारले. न्यार्कोने आपला अंगठा मुठीत घेतला. पिनामांग लेकीच्या पायांवर चादर ओढत राहिली. डॉक्टरने सांगितले ते साधे होते. काही बायकांचे हृदय बाळंतपणात सैल पडते, मोठे होते, रक्त पुढे ढकलत नाही. हे पाणी आहे. चरबी अशी चढत नाही. लवकर आणली तर औषधाने हे पाणी उतरते, बऱ्याच जणी बऱ्या होतात. तोंडावर हवेचा मुखवटा चढवल्यावर आफ्राकोमाला बरे वाटले. तिने हाताने न्यार्कोला जा, जा केले. सकाळी टॅक्सीवाला दारासाठी येणार होता. म्हणून तो कामावर गेला.

दारात बायका जमल्या होत्या. त्यांच्यामधून तो आत गेला, आणि पुढचे काही दिवस त्याला आठवतात ते हातांतून आठवतात, डोक्यातून नाही. दरवाजाची चौकट, पाण्याचे पिंप, शेजाऱ्याची शिडी, जिथे जिथे त्याची मूठ बसली ते. प्रेत शवागारात होते, दफनाला अवकाश होता, आणि तोवर हातांना काम नव्हते. रोज दुपारी सगळ्या वाड्यांमधून फुफू कुटायचे आवाज यायचे, धप, धप, आणि प्रत्येक आवाजाला त्याची मूठ वळायची. मग त्याला बाटलीवाली आठवली. केजेतियाच्या बाजारात, कोपऱ्यावर ती टेबल मांडून बसते, भोंग्यातून दिवसभर तिचाच आवाज वाजतो: बाळंतपणाचं पोट, आठवड्यात सपाट. नक्की हीच. नर्सबाई नको म्हणाली तरी उतरेना म्हणून आफ्राकोमा घाबरून प्याली असणार, चोरून. हे सुचल्यावर न्यार्कोला शांत वाटले. त्याने हातोडी पिशवीत घातली. भर बाजारात, काही न विचारता, त्याने पहिला घाव भोंग्यावर घातला. दुसरा टेबलावर. तपकिरी काच उडाली, कडू वास सुटला. बाटलीवाली किडकिडीत बाई होती. ती पळाली नाही. एका हाताने डोके झाकून तिथेच उभी राहिली.

"माझी बायको मारलीस," तो म्हणाला.

"कोण तुझी बायको?"

"आफ्राकोमा. रोज इथून जायची. पाठीवर पोर असायची."

"ती चालणारी?" बाईने डोक्यावरचा हात काढला. "गोरीशी, हसरी? अरे मेल्या, तिनं माझी बाटली कधी हातात पण धरली नाही. मी हाका मारमारून थकले. 'नर्सबाईनं नको म्हटलंय, मावशी,' म्हणायची आणि हात हलवून पुढं जायची. गेली ती? कधी गेली?"

तेवढ्यात लोक धावून आले. बाईच्या टेबलावर हातोडी घालणाऱ्याला बाजार सोडत नाही. कुणी पोटात लाथ घातली, कुणी पाठीत फळी. तो खाली पडला आणि गुडघे पोटाशी घेऊन पडून राहिला. प्रत्येक लाथ जिथे बसायला हवी होती तिथे बसत होती. त्याने हात वर केले नाहीत. "सोडा, सोडा त्याला, बायको मेलीय त्याची!" असे बाटलीवालीच ओरडत होती, आणि त्याला तिचा राग आला, कारण ती थांबवत होती.

पिनामांगने त्याचे तोंड बघितले तेव्हा सेरवा तिच्या मांडीवर होती. ती पोरीला चमच्याने डब्यातले दूध पाजत होती. पोर चमचा चोखायची आणि थुंकायची.

"वा, जावईबापू," ती म्हणाली. "बायको शवागारात, आणि तू बाजारात बायकांशी मारामाऱ्या करतोस? बाडूचं नाक फोडलंस, ते पण कळलंय मला."

"आई, पोरीला माझ्याकडे द्या."

"देते हं. त्या हातांत देते." तिने चमचा खाली ठेवला. "ही पोर आमच्या कुळाची, लेकरू आईच्या कुळात जातं. बाप म्हणून तू नाव ठेवलंस, बास. मरणाला आठवडा झाला की बैठक बसेल, तिला माझा भाऊ येतोय. तो मला विचारेल, पिनामांग, हा माणूस कसा, याच्याजवळ लेकरू ठेवावं का? काय सांगू मी?"

"माझी एकच आहे ती."

"माझी पण एकच होती." तिचा आवाज वर गेला नाही. "ऐक. आणखी एकदा हात उचललास, कुणावरही, तर बैठकीची वाट बघणार नाही. हिला पाठीशी बांधीन आणि एजुराच्या गाडीत बसेन. मग ये बोंबलत."

न्यार्को तिच्या हातांकडे बघत होता. काळे, लोण्याने तुकतुकीत झालेले हात. याच हातांनी आफ्राकोमाला ताट वाढले. केळीचे खांब म्हणाली ती. अंगणात फुफूचे मुसळ भिंतीला टेकून उभे होते, त्याच्या उंचीचे. ते उचलायला किती वेळ लागेल हे त्याच्या खांद्याला माहीत होते. त्याने स्वतःच्या मांड्यांखाली दोन्ही हात दाबून धरले आणि हाडे दुखेपर्यंत त्यांच्यावर बसून राहिला. पोर थुंकत होती. हात उचलला तर पोर गेली. एवढे एकच वाक्य त्याच्याजवळ उरले होते आणि ते तो चघळत होता.

बैठकीच्या आदल्या दुपारी पिनामांग नळावर गेली होती. सेरवा चटईवर उघडी पडली होती, पाय झाडत. न्यार्को तिच्याशेजारी बसला. पोर गुबगुबीत होती, डब्यातले दूध थुंकूनही. मांड्यांना वळ्या होत्या. तशाच वळ्या आफ्राकोमाच्या गळ्याला होत्या. कमरेचा मण्यांचा सर तिच्या अंगात रुतला होता, मण्यांच्या वर आणि खाली कातडी फुगून आली होती. त्याने तिच्या मांडीवर अंगठा दाबला. काढला. मांडी लगेच वर आली. त्याला विश्वास वाटेना. त्याने पुन्हा दाबला, जास्त वेळ. आली वर. मग नडगीवर, मग दुसऱ्या पायावर, मग पावलावर, मग पोटावर, सराच्या कडेला. पोर आधी हसली, मग तिचे तोंड वाकडे झाले, मग ती किंचाळायला लागली. तो थांबला नाही. आपण इथे चुकीच्या जागी दाबतोय, खळगा कुठेतरी असणार, असे त्याला वाटत होते. पांढरा ठसा उठायचा, मग लाल व्हायचा, आणि तो लाल ठसा म्हणजे काय हे कळत नसल्याने तो त्याच्या शेजारी आणखी एक उठवायचा.

बादली पडल्याचा आवाज आला. पिनामांगने त्याला केसांना धरून मागे ओढले. "लेकराला मारतोस? लेकराला?" तिने त्याच्या सुजलेल्या गालावर एक ठेवून दिली, मग दुसऱ्यावर, मग पायातली चप्पल काढून तोंडावर, डोक्यावर, मानेवर. त्याचा हात वर गेला. तिने तो वर गेलेला पाहिला. तीही थांबली आणि वाट बघत उभी राहिली. सेरवा रडत होती. त्या हाताने न्यार्कोने सासूचे मनगट धरले, तिची बोटे पोरीच्या मांडीवर नेली आणि दाबली.

"राहत नाही," तो म्हणाला. "बघा ना, आई. पोचा राहत नाही हिच्यात. तिच्यात राहत होता. मी केला होता. थट्टेत. तीन केले. राहिले."

पिनामांगने हात ओढून घेतला नाही. बोटे पोरीच्या मांडीवर तशीच होती. तिने स्वतःहून एकदा दाबले. सोडले. मांडी वर आली.

"लोणी चोळताना," ती म्हणाली, आणि थांबली. "माझी पाची बोटं उठायची तिच्या पोटरीवर. रोज. चोळून झालं तरी तशीच. मला वाटायचं, किती मऊ झालीय माझी पोर." मग तिने चप्पल घेऊन पुन्हा त्याला मारायला सुरुवात केली, पण आता ती त्याला एकट्याला मारत नव्हती. एक त्याच्या खांद्यावर बसायची, एक तिच्या स्वतःच्या मांडीवर. तो फुटलेला ओठ हाताने पुसत बसून राहिला. शेजारणी दाराशी जमल्या आणि कुणी आत आले नाही. चप्पल तुटली तेव्हा ती थांबली.

सेरवा हुंदके देत होती आणि प्रत्येक हुंदक्याला सर जास्त रुतत होता. गाठ इतकी आवळली होती की पिनामांगच्या नखांना सुटेना. न्यार्कोने कामाच्या पिशवीतली पत्रा कापायची कात्री काढली. पिनामांगने त्याच्या हाताकडे बघितले, कात्रीकडे बघितले आणि पोरीला त्याच्यापुढे धरले. त्याने जाड पाते दोऱ्याखाली सरकवले. पोरीची कातडी त्याच्या बोटाला लागत होती, गरम. दोरा तुटला, मणी चटईभर उडाले. सेरवाने मोठा श्वास घेतला आणि एकदम गप्प झाली. कमरेभोवती लाल वळ राहिला होता. दोघे गुडघ्यांवर येऊन मणी वेचत राहिले, चटईखालचे, पिंपामागचे.

"ती शनिवारी वाढवणार होती हा दोरा," पिनामांग म्हणाली. "मणी कमी पडतात. आईच्या सरातले घालायचे असतात."

"पोरीला नेणार का तुम्ही?"

तिने मुठीतले मणी वाटीत टाकले. मग म्हणाली, "आज नाही. उद्या भावानं विचारलं तर म्हणेन, मीच राहते इथं काही दिवस." आणि थोड्या वेळाने, "हात धुऊन ये. रक्त आहे त्याला."

त्याने हात धुतले. बैठक झाली, दफन झाले. पिनामांग अजून इथेच आहे, आणि पुढच्या सुगीला एजुराला जाईन म्हणते. पोरीचे काय ते तिने सांगितलेले नाही आणि त्याने विचारलेले नाही. वजनाच्या दिवशी तो सेरवाला घेऊन जातो. पडवीत तो एकटाच पुरुष असतो. तिला टांगतात तेव्हा ती टाहो फोडते. नर्सबाई तिचा आकडा सांगते आणि पोर चांगली वाढतेय म्हणते. कमरेला काही नाही का घातले, असेही ती एकदा म्हणाली.

सेरवाचे मणी वाटीत आहेत. पिनामांगने नवा दोरा आणून ठेवला आहे. आफ्राकोमाचा सर डब्यात आहे, अख्खा, तिच्या लग्नाच्या वेळच्या मापाचा. तो तोडायचा राहिला आहे.